डंकनला बसवलं ते कुणासाठी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न आहेत. तुम्ही एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, लेकर्सचे जुने चाहते. 2012-13 ला ऑफिसला उशीर करून सकाळी मॅच पाहिल्यात. कोबी ब्रायंट, स्टीव्ह नॅश, ड्वाइट हॉवर्ड, पाउ गॅसोल अशी चार नावं असूनही संघ रडतखडत प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, पोचला आणि पहिल्याच फेरीत घरी गेला. पुढच्या वर्षी सॅन अँटोनियो स्पर्सचे टिम डंकनसारखे ‘म्हातारे’ विजेते झाले. हे नशीब की अक्कल, हा पहिला प्रश्न. धडधाकट खेळाडूला कोच बाहेर बसवतो ही तिकीट काढणाऱ्याची फसवणूक नाही का, हा दुसरा. आणि शेवटच्या ओळीत हळूच सरकवलेला तिसरा: तुमच्या क्लबच्या संघात 36 आणि 38 वर्षांचे दोघे आहेत, त्यांचं काय करायचं? तुम्हाला खरं तर हाच विचारायचा होता, असा माझा अंदाज आहे.

मी फिजिओ आहे. बावीस वर्षं बास्केटबॉलच्या संघांबरोबर काढली, मधे थोडी कबड्डी. एनबीएच्या ड्रेसिंग रूममध्ये मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यामुळे तिथलं जे सांगते ते तुम्हीही पाहिलेलं, वाचलेलंच आहे. पस्तिशीपुढचे गुडघे आणि पोटऱ्या मात्र खूप हाताळल्यात, आणि त्या अनुभवावरून माझं एक मत बनलंय. ते सरळ उत्तर नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आधी साधा हिशेब. एनबीएची मॅच 48 मिनिटांची, कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे कोचच्या हातात रोज 240 मिनिटं असतात. कुणाला कमी दिली तर ती हवेत जात नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडतात. आपण सगळे पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दलच भांडतो: डंकनला का बसवलं, कोबीला का दमवलं. उरलेली मिनिटं कुणाला मिळाली, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते दोन्ही संघांमधला फरक तिथेच आहे.

2013-14 च्या स्पर्सचे आकडे बघा. टोनी पार्कर सरासरी 29.4 मिनिटं, टिम डंकन 29.2, मनू जिनोबिली 22.8. संपूर्ण सीझनमध्ये एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांपर्यंत गेली नाही. लीगच्या इतिहासात असं त्याआधी कुठल्याच संघाबाबत झालं नव्हतं. आणि एवढं करून 62 विजय, 20 पराभव, लीगमध्ये सर्वांत वर. फेब्रुवारीच्या शेवटापासून सलग 19 मॅच जिंकल्या त्या याच सीझनमध्ये. डंकन त्या एप्रिलमध्ये 38 चा झाला, जिनोबिली 36 चा होता, पार्कर मे महिन्यात 32 चा. त्यांच्या वाटची मिनिटं गेली कुठे? बोरिस डियाव आणि मार्को बेलिनेली यांना 25 च्या आसपास, पॅटी मिल्सला जवळपास 19. डियावला शार्लटच्या संघाने 2012 च्या मार्चमध्ये मोकळं केलं होतं. मिल्स तर त्याआधी टॉवेल फिरवून बेंच गाजवणारा खेळाडू म्हणूनच ओळखला जायचा.

आता तुमचे लेकर्स. कोबी 34 वर्षांचा, लीगमधला त्याचा 17 वा सीझन, आणि सरासरी 38.6 मिनिटं.

त्या संघावर संकटं कोसळली हे मान्यच आहे, आणि त्यातली सगळी कुणाच्या चुकीची नव्हती. 38 वर्षांच्या नॅशचा दुसऱ्याच मॅचमध्ये, पोर्टलँडला डेमियन लिलार्डशी टक्कर होऊन पाय मोडला. तो परत आला डिसेंबरच्या उत्तरार्धात. हॉवर्ड पाठीच्या शस्त्रक्रियेतून आलेला, जानेवारीत त्याचा खांदा गेला. फेब्रुवारीत गॅसोलच्या तळपायाचा पडदा फाटला. पाच मॅचनंतर माइक ब्राउनला काढलं, हंगामी कोच आला, मग माइक डँटोनी. अर्धा सीझन झाला तेव्हा 17 विजय आणि 25 पराभव. प्लेऑफ हातून निसटत चाललेलं, मग शेवटच्या टप्प्यात रोज जिंकायलाच हवं. अशा वेळी कुठलाही कोच, मी असते तरी, सगळ्यांत भरवशाच्या माणसाकडेच वळणार.

10 एप्रिल 2013 ला पोर्टलँडमध्ये कोबी पूर्ण 48 मिनिटं खेळला. एक क्षण बाहेर नाही. 47 गुण. दोन दिवसांनी, 12 तारखेला, गोल्डन स्टेटविरुद्ध जवळपास 45 मिनिटं झालेली असताना त्याचा अकिलीस टेंडन तुटला. तो बेंचपाशी गेला, परत येऊन त्याच पायावर उभं राहून दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही घातले आणि स्वतः चालत आत गेला. तो क्षण मी किती वेळा पाहिलाय सांगता येणार नाही. चाहत्याला त्यात जिगर दिसते, मलाही दिसते. पण माझी नजर प्रत्येक वेळी लेकर्सच्या बेंचकडे जाते. त्याच्या जागी कोण आत येणार आणि त्याला आधीच्या 79 मॅचमध्ये किती खेळवलंय, हे मी बघत असते.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. 45 विजय, 37 पराभव, पश्चिम विभागात सातवे, पहिल्या फेरीत 0-4 ने बाहेर. हरवणारा संघ होता स्पर्स.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 48 मिनिटं खेळला म्हणून टेंडन तुटला, असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. अकिलीस म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारा जाड दोर. त्याचे धागे वर्षानुवर्षं विरत जातात आणि एखाद्या साध्या पावलावर तो तुटतो. कमी खेळणाऱ्यांचाही तुटतो, दिवाळीत बॅडमिंटन खेळायला उतरलेल्या काकांचाही. आम्हाला खात्रीने एवढंच माहीत आहे की जोरदार श्रमानंतर पहिला दीडेक दिवस या दोरात झीज जास्त असते आणि भर कमी. तोल नंतर हळूहळू भरीच्या बाजूने झुकतो. वय वाढलं की ही दुरुस्ती मंदावते. त्यामुळे लागोपाठ दोन रात्री खेळणं विशीतल्या पोराला जेवढं परवडतं तेवढं पस्तिशीतल्याला परवडत नाही. हा अंदाजाचा खेळ आहे, हमी नाही.

विश्रांतीचे कट्टर समर्थक इथे जरा घाई करतात. लीगनेच करवून घेतलेला एक अहवाल जानेवारी 2024 मध्ये आला. मॅच सोडल्याने पुढच्या दुखापती कमी होतात, असं त्या आकडेवारीत दिसलं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. ज्याला बसवतात तो बहुतेक वेळा आधीच कुठेतरी दुखावलेला असतो, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. पण दुसरंही खरं: विश्रांती ही लस नव्हे. 2014 च्या त्या काळजीपूर्वक जपलेल्या जिनोबिलीच्या पायाच्या हाडालाही फायनलनंतर बारीक तडा निघाला, आणि त्या उन्हाळ्यातली विश्वचषक स्पर्धा हुकली.

मग बसवायचं कशाला?

उत्तर मला माझ्याच एका चुकीतून मिळालं. बरीच वर्षं झाली. एका सरकारी खात्याचा संघ होता, मी त्यांची फिजिओ. कॅप्टन 37 चा, सगळे त्याला दादा म्हणायचे. तीन दिवसांत चार मॅच, सिमेंटचं कोर्ट, मे महिना. फायनलच्या सकाळी मी टेप घेऊन त्याच्या डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या वर चार बोटांवर माप घेतलं. पहिल्या दिवसापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त, म्हणजे गुडघ्यात पाणी. बोटाने दाबलं की वाटी तरंगल्यासारखी हलायची. दादा म्हणाला, “ताई, पट्टी बांधा, चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.” मी बांधली. कोचला म्हटलं, शक्य झालं तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये थोडा बसवा.

चौथ्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं उरली होती. दादा मोकळा सुटला, डाव्या पायावर उडी घेतली, आणि चेंडू रिंगच्या खालच्या बाजूला आपटला. उडीच झाली नव्हती. कोचने वळून बेंचकडे पाहिलं. तिथे एक एकोणीस वर्षांचा उंचापुरा पोरगा बसलेला, अख्ख्या स्पर्धेत चार मिनिटं खेळलेला, तीही एकतर्फी मॅचमध्ये. आत गेला, पहिला पास हातात आला, आणि त्याने चेंडूचा टप्पा न देताच पाय ओढला. शिट्टी. दुसऱ्यांदा पास मिळाला तर घाईने समोरच्याच्या हातात दिला. त्याचे हात थरथरताना मला कोर्टबाहेरून दिसत होते. आम्ही हरलो. दादाचा गुडघा पुढे सहा आठवडे चालला.

घरी येऊन मी पहिल्यांदा स्वतःला दोष दिला तो पट्टीबद्दल. नंतर लक्षात आलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गुडघ्याचं जे व्हायचं ते कदाचित झालंच असतं. मॅच हरली ती त्या पोराच्या चार मिनिटांमुळे. पहिल्या मॅचमध्ये दादाला दहा मिनिटं बसवलं असतं, तर गुडघ्याला त्याचा किती फायदा झाला असता कोण जाणे, पण पोराच्या हाताला मॅचची सवय झाली असती. तेव्हापासून माझं मत असं की म्हाताऱ्या स्टारची विश्रांती ही निम्म्याहून जास्त दुसऱ्यासाठी असते. नवव्या खेळाडूला खरी, अडचणीची, हरू शकणारी मिनिटं मिळावीत यासाठी.

आता याच नजरेने स्पर्स पुन्हा बघा. 2014 च्या पश्चिम विभागाच्या फायनलची सहावी मॅच, ओक्लाहोमा सिटीत. पार्करचा घोटा दुखत होता, हाफटाइमनंतर तो परतलाच नाही. दुसऱ्या हाफला त्याच्या जागी कोरी जोसेफ उतरला. दुसऱ्या एखाद्या संघात इथे रडारड झाली असती. इथे डियावने 26 गुण काढले, मॅच ओव्हरटाइमला गेली, आणि तिथे डंकनच्या पायात अजून दम शिल्लक होता. 112-107. मग मायामीविरुद्धची फायनल 4-1. पाचव्या मॅचला सुरुवातीलाच 6-22 असे मागे पडले, तरी 104-87 ने जिंकले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पॅटी मिल्सने 14 गुण ओतले. तोच टॉवेलवाला. त्याच मॅचमध्ये 36 वर्षांच्या जिनोबिलीने क्रिस बॉशच्या डोक्यावरून डंक मारला. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कवाय लेनर्ड, वय 22. म्हाताऱ्यांचा सीझन म्हणतो आपण, पण बक्षीस नेलं पोराने.

स्पर्सचा कोच पोपोविच प्रत्येक वेळी बरोबर होता असंही समजू नका. 2013 च्या फायनलची सहावी मॅच, स्पर्स तीन गुणांनी पुढे, काही सेकंद उरलेली. बचावासाठी त्याने डंकनला बाहेर ठेवलं. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत उडालेला चेंडू, मायामीच्या बॉशने घेतला, पास रे अ‍ॅलनला, कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर, घड्याळात 5.2 सेकंद. ती मॅच गेली, सातवी गेली, विजेतेपद गेलं. दमवू नये म्हणून बसवणं वेगळं आणि निर्णायक रिबाउंडला बसवणं वेगळं, पण बसवण्याच्या सवयीचा हाही एक धोका.

पैशाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, मी काढते. 2012 मध्ये डंकनने नवा करार केला तो तीन वर्षांचा, 3 कोटी डॉलरच्या आसपास. आधीच्या वर्षी त्याचा एकट्या सीझनचा पगार 2 कोटींवर होता. पगारावर मर्यादा असलेल्या लीगमध्ये स्टारने सोडलेला पैसा बेंचवर खर्च करता येतो. कोबीला 2013-14 साठी 3 कोटींहून जास्त मिळाले आणि दुखापतींमुळे त्या सीझनमध्ये तो सहा मॅच खेळला. पैसे का घेतले म्हणून कोबीला नावं ठेवणं मला पटत नाही, मिळत होते ते घेतले. पण बाकीच्या संघासाठी किती उरले, हेही बघावं लागतं.

आता तिकिटाचं. नोव्हेंबर 2012 मध्ये पोपोविचने मायामीतल्या मॅचआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीनला थेट घरी पाठवलं. पाच रात्रींतली चौथी मॅच होती. टीव्हीवर गाजावाजा झालेली लढत, लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. बेंचवाल्यांनी त्या रात्री गतविजेत्या मायामीला फक्त पाच गुणांनी जिंकू दिलं, 105-100. पोराला घेऊन वर्षात एकच मॅच बघायला आलेल्या बापाचं दुःख खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लीगने 2023-24 पासून नियम केले: एकाच मॅचला एकापेक्षा जास्त स्टार बसवायचे नाहीत, मोठ्या पुरस्कारांसाठी किमान 65 मॅच खेळायच्या. पण त्याच नियमांत, सीझनच्या सुरुवातीला 35 पूर्ण असलेल्या किंवा कारकिर्दीत 34,000 मिनिटं खेळून झालेल्या खेळाडूला लागोपाठच्या रात्रींसाठी आधी परवानगी काढून सूट घेता येते. ‘आधी’ हा शब्द मला आवडला. नोव्हेंबरात ठरवलेली विश्रांती कामाची, एप्रिलमध्ये पाय ओढायला लागल्यावर दिलेली विश्रांती म्हणजे वरातीमागून घोडं.

तर तुमचे दोघे. आपल्याकडे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे तुमच्या हातात 240 नाही, 200 मिनिटं. तीन दिवसांत चार मॅच असतील तर 800. स्पर्धेच्या आदल्या रात्री कागद घेऊन बसा आणि या 800 ची वाटणी करा. तुमचं कोर्ट सिमेंटचं की लाकडी, ऊन किती, ते दोघे वर्षभर खेळतात की स्पर्धेपुरते उगवतात, यावर आकडे बदलतील. मी साधारण अशा खेळाडूला मॅचला 22 ते 24 मिनिटांनी सुरुवात करते आणि दोघांना शक्यतो एकाच वेळी बाहेर काढत नाही. आठव्या आणि नवव्या पोराला पहिल्या मॅचच्या दुसऱ्या क्वार्टरमध्येच घाला, स्कोअर बरोबरीत असताना. हरण्याची भीती वाटेल. वाटू द्या.

बसवल्यावर बसू देऊ नका, हे ऐकायला विचित्र वाटेल. नॅश आठवतोय? बाहेर आला की बेंचसमोर जमिनीवर सरळ पाठीवर झोपायचा, कारण खुर्चीत बसलं की पाठ आखडायची. वयाने मोठ्या खेळाडूला दहा मिनिटं थंड बसवून परत आत ढकलणं हे न बसवण्यापेक्षा वाईट. ट्रॅकसूट चढवा, बेंचमागे फेऱ्या मारू द्या, दर दोन मिनिटांनी चवड्यांवर वर-खाली.

रोज सकाळी तीन गोष्टी बघा. उठल्यावर पहिली पन्नास पावलं आणि जिना उतरणं, यात लंगडतोय का. एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावा, किती वेळा जमतं ते दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजा. पाचापेक्षा जास्त फरक पडला तर त्या दिवशी मी मिनिटं निम्मी करते. आणि टेप. गुडघ्याचं माप पहिल्या दिवशी न दुखत असताना घेऊन ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पोटरीत खालच्या बाजूला अचानक कुणी मागून मारल्यासारखं वाटलं असं म्हणाला, तर पट्टी बांधत बसू नका, त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे न्या.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे हे त्या दोघांना सांगणं. मार्च 2012 मध्ये स्पर्सने एका मॅचच्या अधिकृत स्कोअरशीटवर डंकनच्या न खेळण्याचं कारणच ‘म्हातारा’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे असं लिहिलं तर माणूस वर्षभर बोलायचा नाही. मी वेगळं करते. तो 800 मिनिटांचा कागद आणि पेन्सिल थोरल्याच्याच हातात देते, बदल्या त्यानेच लिहायच्या. तो दादा आता खेळत नाही, संघाचा कोच आहे. परवाच्या स्पर्धेत बेंचवर बसून पेन्सिल कानामागे खोचलेली, आणि सेंटरच्या जागी खेळणाऱ्या पस्तिशीतल्या खेळाडूवर ओरडत होता, “ये बाहेर, तुझी सहा संपली!”